शिळं खरं

त्याला सगळे झालंयभाऊ म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

"अहो, नळाचं वॉशर बदलायचं होतं ना?" ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोनं विचारलं.

"झालंय."

"झालंय? मग हा नळ मघापासून माझ्याशी गप्पा मारतोय का? टिपटिप, टिपटिप!"

"अगं, बदललं होतं की. मागच्या उन्हाळ्यात."

"मागच्या उन्हाळ्यात मी जेवलेही होते. मग आता माझं ताट घेऊच नका!"

तो हसला. मंडळी, हसण्यासारखंच आहे ते. असा एक झालंयभाऊ आपल्या प्रत्येकाच्या घरात असतो, आणि आरशात नीट पाहिलं तर कधीकधी समोरच उभा असतो. हा माणूस काही खोटारडा नव्हता. आळशी तर मुळीच नव्हता. घरामागे त्याची कोंबड्यांची शेड होती. भल्या सकाळी उठून पाण्याची भांडी घासायचा, भुसा खालीवर करायचा, अंडी पुसून ट्रेमध्ये लावायचा आणि दुकानादुकानांत पोचवायचा. हातात घेतलेलं काम चोख. खोड एकच. काम एकदा झालं की ते त्याच्या मनातून कायमचं उतरायचं. फळ्यावरची बेरीज पुसावी, तसं.

बायकोनं नळाला फडकं गुंडाळलं आणि तेवढ्यात फोन वाजला. ताईचा होता.

ताई त्याची थोरली बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे रस्ता संपून कुंपणं सुरू होतात, तिथे एकटी राहायची. नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं. दात काढल्यावर गाल बधिर असतो, आपणच आपला गाल चावतो आणि आपल्यालाच कळत नाही, तसं तिचं झालं होतं. ती उठायची, केर काढायची, दोन घास खायची. कुणी हसलं की हसायची. रडायची मात्र नाही. लोक म्हणायचे, "बाई मोठी धीराची!" धीर कसला? आत काही पोचतच नव्हतं.

हे पाहून भावानं एक चांगली गोष्ट केली होती. त्याच्या शेडमध्ये काही जुन्या कोंबड्या होत्या. पिसं गाळून त्या पुन्हा अंड्यावर आलेल्या, म्हणजे अंडी देऊ लागलेल्या, म्हणून त्यानं त्या काढून न टाकता ठेवलेल्या. त्यातल्या काही पिंजऱ्यात भरून त्यानं ताईच्या मागच्या अंगणात नेऊन सोडल्या. "मन रमेल तुझं," तो म्हणाला. "लस झालीय सगळ्यांना. काही बघायला नको." आणि घरी येऊन, चपला काढता काढता, त्यानं बायकोला सांगितलं, "ताईचं झालं."

मन रमलंही. ताईनं कोंबड्यांना नावं दिली. एक लंगडत चालायची, ती लंगडी. एक तांबूस, गुबगुबीत, उठल्यापासून साऱ्या अंगणाला धाकात ठेवणारी. ती ठमी. ठमी दाण्यासाठी ताईच्या पदराला चोच मारायची आणि ताई म्हणायची, "थांब गं, भवाने." वर्षभरात ताईच्या तोंडून आपणहून निघालेले शब्द तेवढेच.

"भाऊ," फोनवर ताई म्हणाली, "ठमीचा डोळा उघडत नाहीये."

"कुणीतरी चोच मारली असेल."

"तोंड सुजलंय. नाकातून पाणी गळतंय. आणखी दोघीतिघींचं तसंच आहे."

"गार वारा लागला असेल गं. लस झालीय त्यांना. नाकातोंडाचा आजार नाही व्हायचा."

"बरं."

त्या 'बरं'मध्ये काहीच नव्हतं. विश्वास नव्हता, शंकाही नव्हती. रिकामं भांडं ओट्यावर ठेवल्यावर जेवढा आवाज होतो, तेवढाच त्याचा आवाज.

"जाऊन बघून या," बायको म्हणाली.

"अगं, लस झालीय म्हणतोय ना..."

"लस कोंबड्यांना झालीय. ताईंना नाही. जा."

तो गेला नाही. दुकानांची अंडी पोचवायची होती, दाण्याची पोती यायची होती. दुसरा दिवसही असाच गेला. मग पुन्हा फोन आला.

"लंगडी गेली," ताई म्हणाली.

"कुठे गेली? कुंपणाखालून?"

"गेली म्हणजे गेली, भाऊ."

नवरा गेल्याचं तिनं ज्या आवाजात सांगितलं होतं, हा तोच आवाज होता. त्यानं हातातला ट्रे खाली ठेवला. गाडी काढली ती थेट तिच्या दारात थांबवली.

फाटक उघडताच वास आला. कुजका, जड, घशाशी येणारा. मागच्या अंगणात ताई पाटावर बसली होती. मांडीवर ठमी, शेजारी कोमट पाण्याची वाटी. कापसाचा बोळा बुडवायचा, पिळायचा, ठमीच्या मिटलेल्या डोळ्यावरून फिरवायचा. पुन्हा बुडवायचा. ठमीचा चेहरा एका बाजूनं असा फुगला होता की ती ओळखूच येत नव्हती. बाकीच्या कोंबड्या भिंतीच्या सावलीत मान आत घेऊन बसल्या होत्या, जणू कुणीतरी त्यांना तिथे ठेवून विसरून गेलं होतं. दाणा तसाच पडलेला. खुराड्यात एकही अंडं नाही.

"वास कधीपासून येतोय, ताई?"

"येत होता." तिनं मान वर केली नाही. "मला वाटलं, माझ्याच नाकात आहे. मला हल्ली सगळ्याचा वास एकसारखाच येतो."

त्यानं कोंबड्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

बाई स्कूटरवरून आल्या. आवाज मोठा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी ठमीचं तोंड उघडून पाहिलं, नाकपुडी हलकेच दाबली, आणखी दोन कोंबड्या उचलून पाहिल्या. नळीत नमुना घेतला. "तपासणीला पाठवते," त्या म्हणाल्या, "पण नाकानं मला आधीच सांगितलंय. सर्दीचाच आजार आहे, पण ही गार वाऱ्याची साधी सर्दी नव्हे. जंतूंचा आहे. एकीची दुसरीला, पाण्याच्या भांड्यातून तिसरीला."

"पण डॉक्टर, लस झालीय!"

"कधी?"

"झालीय ना."

"झालीय का, असं नाही विचारलं मी. कधी, ते विचारलं."

तो आठवू लागला. "अंड्यावर यायच्या आधी. दोनदा टोचून घेतली. मी स्वतः एकेक धरली होती."

"शाबास! अगदी बरोबर केलंत. मग पुढे?"

"पुढे काय?"

"पुढे त्यांनी अंडी दिली. मग पिसं गाळली. मग पुन्हा अंड्यावर आल्या. आता दुसरा हंगाम चाललाय. एवढ्या काळात पुन्हा टोचलीत?"

"पुन्हा? एकदा झाल्यावर पुन्हा कशाला?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. रागावल्या नाहीत. हे वाक्य त्यांनी पुष्कळ अंगणांत ऐकलं असावं.

"अहो, लस म्हणजे काय दगडावरची रेघ वाटली? लस म्हणजे दारात बसवलेला राखणदार. पहिले काही महिने डोळ्यांत तेल घालून बसतो. अंड्यांचा पहिला हंगाम बऱ्यापैकी निभावून नेतो. मग म्हातारा होतो. दारात बसलेला दिसतो, पण डुलक्या काढतो. किती महिने जागा राहील, हे लस कोणती, एकदा टोचली की दोनदा, आणि बाहेर फिरणारा जंतू लशीतल्याच जातीचा आहे का, यावर ठरतं. पण जन्मभर? नाही हो! कोंबडी जुनी करून ठेवायची असेल तर विचारायचं, पुन्हा टोचायची."

"म्हणजे मी ताईशी खोटं बोललो?"

"कोण म्हणतंय खोटं? खरंच होतं ते. पण शिळं खरं होतं. शिळं अन्न खोटं नसतं, पोट मात्र बिघडवतं."

त्याची नजर ठमीकडे गेली.

"आता जंतू आला कुठून ते बघू," बाई म्हणाल्या. "बाहेरून काही आलंय? पिंजरा, भांडी, नवी कोंबडी?"

ताईनं बोळ्यानंच कोपऱ्याकडे खूण केली. तिथे दोन पांढऱ्या कोंबड्या माती उकरत होत्या. डोळे लख्ख, तुरे लाल, चाल झोकदार. "शेजारीण घर बदलून गेली. तिला नेता येईनात. मी ठेवून घेतल्या."

"यांना आधी असं काही झालं होतं?"

"मागे सर्दी झाली होती म्हणाली. बऱ्या झाल्या."

"बऱ्या झाल्या, पण जंतू नाकात घेऊन फिरतायत. आल्या आल्या लगेच यांच्यात सोडल्या?"

"भाऊला विचारलं होतं," ताई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. पत्ता सांगावा तसं सांगितलं. "वेगळ्या ठेवू का म्हणून."

अरे देवा! त्याला आठवलं. गाडीत ट्रे चढवत होता तो तेव्हा, फोन खांद्यानं कानाशी दाबून धरलेला. 'कशाला गं ताई? आपल्यांना लस झालीय. सोड त्यांच्यातच.' एवढं बोलून फोन ठेवला होता. ट्रे मात्र एकही हिंदकळला नव्हता.

हात जड झाले त्याचे. कुणीतरी कोपरापासून खाली ते काढून नेलेत आणि दुसऱ्याच कुणाचे बसवलेत, असं वाटलं. डॉक्टरीणबाई सांगत होत्या आणि तो नुसता मान हलवत होता. पाण्यातून औषध द्यायचं. औषध चालू असताना आणि त्यानंतरही मी सांगेपर्यंत अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत. माणसाला हा आजार होत नाही, घाबरू नका. पण ज्या जगतील, त्याही जंतू बाळगत राहतील. त्यांच्यात नवं पिल्लू सोडायचं नाही, त्यातली एकही कुणाला द्यायची नाही. "आणि तुम्ही," त्या त्याच्याकडे वळल्या, "असेच आपल्या शेडमध्ये शिरू नका. आंघोळ, कपडे, चपला, सगळं बदला. यापुढे आधी आपल्या शेडचं काम आणि मग इथे. उलट कधीच नाही."

"डॉक्टर," ताईनं विचारलं, "त्या दोघींना आता काहीच होत नाही?"

"त्यांना होऊन गेलंय."

"होऊन गेलं की अशाच दिसतात ना?" ताई पांढऱ्या कोंबड्यांकडे पाहत राहिली. "धडधाकट."

डॉक्टरीणबाई स्कूटर चालू करता करता थांबल्या, ताईकडे एकवार पाहिलं. मग गेल्या.

भाऊ अंगणात उकिडवा बसला. "ताई, रागाव तरी माझ्यावर."

"राग येत नाही रे. येईल कधीतरी. आला की कळवीन."

"चेष्टा करतेस?"

"कोण जाणे." तिनं बोळा पिळला. "भाऊ, तू कोंबड्या दिल्यास ते चांगलंच केलंस. सुरुवातीला मी यांच्यासाठीच उठत होते. ठमीच्या कटकटीनं जाग यायची. मग ते ओसरलं. कधी ओसरलं तेही कळलं नाही. तू फोनवर विचारायचास, 'झालं ना गं सगळं?' मी 'हो' म्हणायचे. काय झालं म्हणून विचारतोस, ते मला कधीच समजलं नाही."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं, ताईचं झालं."

हे वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं. बहिणींना सांगावं लागत नाही.

मंडळी, शिव्या दिल्या असत्या तर माणूस निभावतो. उलट बोलतो, भांडतो, मोकळा होतो. पण या सपाट आवाजाला धरायचं कुठे? तो उठला, पाण्याची भांडी घासली, औषध कालवलं, मेलेली कोंबडी खड्डा खणून खोल पुरली. हात काम करत होते. तो मात्र त्यांच्यापासून लांब कुठेतरी उभा होता.

घरी येऊन त्यानं बाहेरच्या मोरीत आंघोळ केली. बायकोनं दारातूनच कपडे उकळत्या पाण्यात टाकले. त्याच्या चेहऱ्यावर तिला पुरेसं दिसलं होतं.

तेवढ्यात फाटकाशी घंटी वाजली. सायकलच्या मागे रिकामा पिंजरा बांधून निवृत्त पोस्टमनकाका उभे होते. जुन्यांपैकी उरलेल्या कोंबड्यांतल्या थोड्या त्यांना हव्या होत्या. बोलणं आधीच ठरलेलं.

"आयुष्यभर लोकांच्या दारात टपाल टाकलं," काका खुशीत म्हणाले. "आता कोंबड्यांनी माझ्या दारात अंडी टाकू देत! नातवंडं सकाळपासून नाचतायत. काय हो, लस वगैरे?" आणि स्वतःच हसले. "मी पण काय विचारतो! तुमचं 'झालंय' म्हणजे सहीशिक्का."

त्यानं तोंड उघडलं. शब्द जिभेच्या टोकावर बसलेलाच होता. वर्षानुवर्षांची सवय, ढकलायचीही गरज नव्हती. नुसते ओठ विलग केले की पडला असता.

"झाली होती," तो म्हणाला.

"तेच ते. म्हणजे झालीय."

"नाही काका! झाली होती! लहान होत्या तेव्हा. तिचा जोर आता ओसरलाय. आज नाही देता येणार कोंबड्या."

काकांचं हसू मावळलं. "अहो, पिंजरा बांधून आलोय मी! चांगल्या धडधाकट दिसतायत की इथून. कुणाला काय कळणार होतं?"

"कोंबड्यांना कळलं असतं. आणि त्या मेल्या की तुमच्या नातवंडांना."

त्यानं ताईच्या अंगणात काय झालं ते सगळं सांगितलं. स्वतः फोनवर काय बोललो, तेही. सांगताना एक शब्द गाळला नाही. काकांनी सायकल वळवली. "चुकीच्या पत्त्यावर गेलेलं टपाल परत आणायला मी किती वेळा पायपीट केलीय," ते म्हणाले. "बरं झालं, तुम्ही वाटेतच धरलंत." आणि रिकामा पिंजरा खडखडवत गेले.

मग त्यानं त्या जुन्या कोंबड्या आणखी ज्यांना ज्यांना दिल्या होत्या, त्या सगळ्यांना फोन केले. कुणी आभार मानले. एकानं चांगलंच फैलावर घेतलं. एक बाई म्हणाल्या, "आता सांगताय?" त्यावर तो म्हणाला, "हो, आता सांगतोय. चुकलंच." त्याच्या शेडमध्ये आजार शिरलेला नाही याची डॉक्टरीणबाईंनी खात्री केली आणि मगच जुन्यांना पुन्हा लस टोचली. या वेळी त्यानं आपणहून विचारलं, "ही कुठवर पुरेल?" त्या म्हणाल्या, "हा प्रश्न! टोचल्या टोचल्या राखण सुरू होत नाही, जरा वेळ जावा लागतो. आणि संपते कधी, ते मला विचारत राहायचं."

ताईच्या काही कोंबड्या गेल्या. काही वाचल्या. ठमी वाचली, पण तिचा एक डोळा अर्धाच उघडायचा. त्या अंगणात नवं काही सोडायचं नाही, आहेत त्यांना म्हातारं होऊ द्यायचं, असं ठरलं. भावाची एक चपलांची जोडी आता ताईच्या फाटकाआत ठेवलेली असे. आपल्या शेडचं काम आवरून तो दुपारी यायचा, चपला बदलायचा आणि मागच्या अंगणात जायचा.

एकदा असाच आला. पाणी भरून झालेलं, दाणा घातलेला, औषधही संपलेलं. करायला काही नव्हतं. तो पायरीवर बसला.

"काय काम काढलंस?" ताईनं विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"पुन्हा आलोय."

उंबऱ्यावरची धूळ झटकत, ताई चाल न लावता, दुसऱ्याच कुणाशी बोलावं तशी पुटपुटली:

"एकदा शिंपलं पाणी, पुरेना रे जन्मभरी,
पुन्हा पुन्हा येई भाऊ, ओल राहू दे अंतरी."

आणि एकाएकी तिचा आवाज चढला. "लंगडी मेली रे माझी! तू दोन दिवस आला नाहीस! दोन दिवस!" ती रडत होती, भांडत होती, पदरानं नाक पुसत होती. ठमी घाबरून बाजूला झाली. भाऊ हलला नाही. त्यानं कान टवकारून, जमिनीनं पाणी मुरवून घ्यावं तसं, ते सगळं ऐकून घेतलं.

मंडळी, लस असो की माया, एकदा दिली म्हणजे कायमची दिली, असं नसतं. दोन्ही खऱ्या असतात आणि दोन्ही ओसरतात. ओसरण्यात कुणाचा दोष नाही. दोष आहे तो ओसरलंय का, हे न बघण्यात. म्हणून कोंबड्यांच्या शेडमध्ये 'झाली का?' एवढ्यावर थांबू नका. 'कधी झाली, कुठवर पुरेल, पुन्हा कधी?' हे डॉक्टरांना विचारा. नवी कोंबडी आली तर आधी वेगळी ठेवा, मग ती कितीही धडधाकट दिसो. आणि आपलं एखादं माणूस फोनवर नुसतं 'बरं' म्हणालं, तर हातातला ट्रे खाली ठेवा, आणि त्याच दिवशी जा.